जुन्या जीपचा नवा सांधा

वैद्यकीय संस्थेच्या स्मरणिकेत मोटारीच्या मागे बसवायच्या लोखंडी हुकाविषयी लेख पाहून काही सुहृदांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या संस्थेच्या जुन्या जीपला ‘टो-बार’ बसवून मागे एक छोटी ट्रॉली जोडावी की नाही, हा प्रश्न गेल्या दोन सभांपासून आपल्यापुढे आहे. त्यावर झालेली चर्चा मुख्यतः खर्चाची झाली. ‘एवढ्याशा कामाला एवढे पैसे कशाला? कोपऱ्यावरचा वेल्डर दोन तासांत हूक लावून देईल,’ असा एक सूर निघाला. तर ‘जुन्या गाडीवर पैसा घालण्यापेक्षा ती विकून टाकावी,’ असा दुसरा. दोन्ही बाजूंना मान देऊन मी माझे मत येथे मांडतो. टो-बार अवश्य बसवावा; पण तो शास्त्राप्रमाणे बसवता येत असेल तरच. अर्धवट बसवायचा असेल तर मुळीच बसवू नये.

प्रथम गरजेविषयी. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी या बाजूला आणि भीमगडच्या अरण्याच्या कडेला जून ते सप्टेंबर या काळात पाऊस कसा कोसळतो, हे बेळगावकरांना सांगायला नको. हमरस्त्यापर्यंत भाड्याचा टेम्पो जातो. पण हमरस्ता सोडून वाडीकडे वळल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर लाल चिखलाचे असतात आणि तेथे मागच्या दोनच चाकांवर चालणारी गाडी रुतते. चारही चाकांना गती देणारी आपली जीप तेथवर पोहोचते. अडचण एवढीच, की शिबिराचे सामान आणि शिबिराची माणसे एकाच टपाखाली कोंबावी लागतात. जनरेटर, घडीची टेबले, तंबूचे बांबू, पाण्याचे कॅन, औषधांची खोकी आणि प्राणवायूचे नळकांडे यांच्यामध्ये परिचारिका आणि तरुण डॉक्टर दाटीवाटीने बसतात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अकस्मात थांबली, तर आतील न बांधलेली प्रत्येक वस्तू त्याच वेगाने पुढे येते. लोखंडी जनरेटर आणि माणसाचे डोके यांत कोण जिंकणार, हे डॉक्टरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सामान टपावर चढवले तर गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून माणसे आत आणि ओझे मागे वेगळ्या चाकांवर, ही कल्पना मूलतः योग्य आहे.

ती नवीनही नाही. जीप जन्मली तीच मुळी काही ना काही ओढण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या मागे ‘पाव टनी’ ट्रेलर असे आणि त्यात पाचशे पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो सामान नेण्याची मुभा होती. त्यासाठी त्या जीपच्या सांगाड्याच्या मागच्या आडव्या पट्टीला इंग्रजी ‘के’ अक्षराच्या आकाराचे जादा आधार दिलेले असत, जेणेकरून ओढ एका बिंदूवर न राहता दोन्ही लांब पट्ट्यांत वाटली जावी. महिंद्र कंपनीने १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि त्या घराण्याच्या जीप पुढे अनेक दशके आपल्या रस्त्यांवर धावत राहिल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या गावात लष्करी जीप आणि तिच्यामागची ट्रॉली अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. तिचा हूक कोठे आणि कसा बसवलेला असतो, हे मात्र फार थोड्यांनी वाकून पाहिले असेल.

येथे मला अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांची मदत घ्यावीशी वाटते. मोडलेल्या पायाला वजन लावून ताण द्यायचा असतो तेव्हा थोडे वजन असेल तर पट्ट्या त्वचेवर चिकटवून भागते. पण वजन वाढले की हाडातून पिन घालावीच लागते. त्वचेवर जादा ओढ दिली तर त्वचाच सोलून निघते. मोटारीचा बंपर ही त्वचा आहे आणि चॅसिस, ज्याला आपले मिस्त्री ‘चासी’ म्हणतात, ते हाड आहे. कोपऱ्यावरचा वेल्डर हूक लावतो तो बहुधा बंपरला. सपाट रस्त्यावर, रिकाम्या ट्रॉलीला तो टिकतोही. खड्ड्यातून बाहेर पडताना बसणारा हिसका मात्र नेहमीच्या ओढीच्या कितीतरी पट असतो. शिवाय ओढ केवळ मागच्या दिशेने नसते. ती वर, खाली आणि दोन्ही बाजूंनाही असते. हे सारे सोसायचे तर जोड चॅसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना आणि मागच्या आडव्या पट्टीलाच हवा.

गाडी जुनी असली की आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो हाडांच्या ठिसूळपणाचा. तीस वर्षे कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि चिखलात फिरलेल्या जीपचे चॅसिस बाहेरून रंगवलेले दिसते. आतून ते गंजाने खाल्लेले असू शकते. विशेषतः जेथे पट्ट्या पेटीसारख्या बंद असतात तेथे चिखल साचून राहतो आणि धातू आतून झिजतो. याची तपासणी कशी करावी? लिओपोल्ड ऑएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून आतील अवस्था ओळखण्याची पद्धत १७६१ मध्ये प्रसिद्ध केली, ती आपण सारे शिकलो. चांगला मिस्त्रीही लहान हातोडीने चॅसिसवर टप्प्याटप्प्याने ठोकत जातो. निकोप लोखंड खणखणते. गंजलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांच्या आधारांजवळ आणि आडव्या पट्टीच्या कोपऱ्यांत केसासारख्या तडा शोधाव्या लागतात. त्यासाठी रंग खरवडून धातू उघडा करावा. रंगावरून हात फिरवून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणणे म्हणजे कपड्यांवरून स्टेथोस्कोप लावण्यासारखे आहे. या तपासणीत चॅसिस नापास झाले तर विषय तेथेच संपवावा. गंजावर पट्टी जोडून वर टो-बार बसवण्याचा मोह टाळला पाहिजे.

चॅसिस निकोप निघाले तर पुढील काम कठीण नाही. जाड पोलादी पाट्यांचा आधार दोन्ही बाजूंनी घेऊन नटबोल्टने आवळावा. बोल्ट साध्या लोखंडाचे न घेता डोक्यावर ८.८ असा अंक कोरलेले, उच्च ताणशक्तीचे घ्यावेत. पट्टी पेटीसारखी पोकळ असेल तर भोकात पोलादी नळी बसवावी, म्हणजे बोल्ट आवळताना पेटी चेपत नाही. भोके पट्टीच्या वरच्या-खालच्या कडांना न पाडता उभ्या पृष्ठभागाच्या मध्याकडे पाडावीत. कारण वाकण्याचा ताण कडांवर सर्वाधिक असतो. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. ओतकाम आणि हायड्रॉलिक यंत्रांसाठी नावाजलेल्या आपल्या गावात, उद्यमबागेत, असे काम उत्तम करणारे कारागीर आहेत. त्यांच्यापाशी आराखडा घेऊन जाणे हे आपले काम.

जोडाच्या प्रकाराविषयीही सावधगिरी हवी. बाजारात गोल चेंडूचे हूक मिळतात. आंतरराष्ट्रीय मापाचा चेंडू ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. अमेरिकन माप दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, त्याहून लहान अमेरिकन चेंडू सुमारे ४७.६ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक कळत नाही. पण ५० मिलिमीटरच्या वाटीत लहान चेंडू बसवला तर खड्ड्यात ट्रॉली उसळून सुटू शकते. माझे मत विचाराल तर आपल्या वाटांसाठी चेंडूपेक्षा लष्करी पद्धतीचा जबड्याचा हूक आणि ट्रॉलीला कडी हाच जोड बरा. तो थोडा खडखडतो. परंतु गाडी एका बाजूला आणि ट्रॉली दुसऱ्या बाजूला कलली तरी तो अडकत नाही. जबडा बंद ठेवणारी पिन असलीच पाहिजे. त्याखेरीज दोन साखळ्या फुलीच्या आकारात खालून जोडाव्यात, म्हणजे मुख्य जोड निसटला तरी ट्रॉलीचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत राहील.

आता मात्रेविषयी. बालरोगतज्ज्ञ वजन केल्यावाचून औषध लिहीत नाही. ट्रॉलीलाही हाच नियम लावावा. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी ब्रिटनमध्ये कमाल मर्यादा ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मी, यांतील जी कमी असेल ती, अशी आहे. आपल्या घाटवाटांसाठी मी त्याहून पुष्कळ खाली राहीन. समजा रिकामी ट्रॉली २०० किलोची आहे. तिच्यात महायुद्धातील जीपच्या हिशेबाने २२५ किलो सामान ठेवले, तर एकूण ४२५ किलो झाले. माणसांसह जीप १,७०० किलोची धरली, तर ब्रेक जीपचेच, पण थांबवायचे वजन २,१२५ किलो. म्हणजे थांबायला लागणारे अंतर सुमारे सव्वापट. कोरड्या रस्त्यावर जी जीप वीस मीटरांत थांबत होती, तिला आता पंचवीस मीटर लागतील. ते पाच मीटर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने फार मोठे आहेत. म्हणून टो-बार बसवण्यापूर्वी जीपच्या चारही चाकांचे ब्रेक नव्याने करून घेणे ही चैन नव्हे. चोर्ल्याचा घाट उतरताना तर ब्रेकवर विसंबून न राहता खालच्या गिअरमध्येच उतरावे.

ट्रॉलीत सामान कोठे ठेवले जाते, यालाही महत्त्व आहे. सारे जड सामान मागे ठेवले तर हूक वर उचलला जातो आणि वेगात ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. ही वळवळ एकदा वाढली की चालकाच्या हाती फारसे काही राहत नाही. सारे पुढे ठेवले तर हुकावर जादा भार येतो. दांड्याच्या टोकावरचा भार ब्रिटनमध्ये साधारणतः एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के, तर ऑस्ट्रेलियात दहा टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या ट्रॉलीसाठी हा आकडा तीस ते चाळीस किलोंमध्ये येतो. तो मोजायला आपल्या दवाखान्यातला प्रौढांचा वजनकाटा पुरतो; दांड्याखाली लाकडी ठोकळा उभा करून तो काट्यावर टेकवायचा, एवढेच. हे चाळीस किलो तरफेसारखे काम करतात, हेही लक्षात ठेवावे. हूक मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २३० सेंटिमीटर असेल, तर मागच्या चाकांवर सुमारे ५४ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा १४ किलोंनी घटतो. वळण घेण्याचे काम पुढची चाके करतात. मागे जितके लादू, तितके सुकाणू हलके होते.

विजेच्या जोडणीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ट्रॉलीचे मागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे आणि दोन्ही बाजूंचे इशारे जीपच्या दिव्यांबरोबर लागलेच पाहिजेत. त्यासाठी सात खुंट्यांचे सॉकेट मिळते. जुन्या जीपचा फ्लॅशर दोन दिव्यांच्या हिशेबाने बसवलेला असतो. त्यावर आणखी एक दिवा आला की त्याची लय बिघडते, म्हणून तो अधिक क्षमतेचा घालावा. अर्थिंगची तार स्वतंत्र असावी. हुकाच्या लोखंडातून वीज परत येईल या भरवशावर राहू नये. आणि परावर्तक पट्ट्या भरपूर लावाव्यात.

या शेवटच्या वाक्यापाशी मला क्षणभर थांबावेसे वाटते. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. अनेकींना मागे दिवा नसतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली तोडकरी कुटुंबे तळावरून तळावर जाताना त्याच ट्रॉल्यांत, भांड्याकुंड्यांसह बसतात. तान्ही मुले मांडीवर असतात. दोन ट्रॉल्यांमधल्या दांड्यावर उभा राहून जाणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. अशा दांड्यावरून घसरलेल्या मुलाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञाच्या हाती पुष्कळदा काहीही उरत नाही. ‘ट्रॅक्टरवाले वर्षानुवर्षे असेच चालवतात, काय बिघडले?’ असे सभेत विचारले गेले. काय बिघडते ते आपल्यापैकी अनेकांनी अपघात विभागात पाहिले आहे. ते पाहिलेल्यांच्या संस्थेची ट्रॉली तरी निराळी दिसली पाहिजे. म्हणून माझा पहिला आग्रह हा, की आपल्या ट्रॉलीत किंवा तिच्या दांड्यावर कोणीही मनुष्य, अगदी गावकऱ्यांनी कितीही आर्जव केले तरी, बसता कामा नये. आजारी मूल आणायचे असेल तर ट्रॉली गावातच सोडून जीपमधून आणावे.

दुसरा आग्रह हूक काढून ठेवण्याचा. शहरात अनेक नव्या गाड्यांच्या मागे केवळ शोभेसाठी हूक मिरवताना दिसतो. मागे सरकणाऱ्या उंच गाडीच्या अगदी जवळ उभे असलेले दोन वर्षांचे मूल चालकाला आरशात दिसत नाही. त्यात गुडघ्याच्या उंचीला एक लोखंडी गोळा पुढे आलेला असेल तर आघात थेट त्या मुलाच्या शरीरावर, एका बिंदूवर होतो. गाड्यांच्या पुढे लावण्यात येणारे लोखंडी ‘बुल बार’ पादचाऱ्यांना घातक म्हणून केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्यावर कारवाईची सूचना दिली. मागच्या शोभेच्या हुकालाही तोच तर्क लागू पडतो, असे माझे मत आहे. म्हणून आपला टो-बार सुटा होणारा असावा: काम असेल तेव्हा लावावा, नसेल तेव्हा पिन काढून आत ठेवावा.

तिसरा आग्रह, रुतलेली वाहने ओढण्यासाठी हा जोड वापरू नये. ‘डॉक्टरसाहेब, आमचा टेम्पो जरा ओढा की,’ ही विनंती हमखास होणार. पण चिखलात रुतलेल्या गाडीला हिसका देताना चेंडूचा हूक तुटून तोफगोळ्यासारखा उडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. त्या कामासाठी चॅसिसला वेगळी, भक्कम कडी असावी आणि दोर ताणलेला असताना जवळपास कोणी उभे नसावे.

चौथा आग्रह कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’च आहे, तेव्हा त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो. त्याच अधिनियमाचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या आपल्या जीपच्या नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी होते. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे व उत्तर लेखीच घ्यावे. ‘आम्ही समाजसेवा करतो’ हे उत्तर अपघातानंतर चालत नाही आणि चालूही नये.

पाचवा आग्रह माझ्या शाखेचा. लस ट्रॉलीतून नेऊ नये. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान सांभाळणारी लसपेटी माणसांच्या शेजारी, डोळ्यांसमोरच असावी. बर्फाच्या पिशव्या पाणी सुटेपर्यंत बाहेर ठेवूनच पेटीत भराव्यात. कारण पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लशी उन्हाइतक्याच गोठण्यानेही निकामी होतात.

हे सारे केल्यास खर्च वेल्डरच्या हुकापेक्षा अनेक पटींनी वाढेल, हे मान्य आहे. परंतु नव्या चारचाकी-गतीच्या गाडीपेक्षा तो पुष्कळच कमी असेल. ‘जुनी म्हणून विकून टाका’ म्हणणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, की वय हा निकष नसून तपासणीचा निष्कर्ष हा निकष आहे. जीपच्या ज्या पिढीवर युरोपातील आजचे नियम लागू नव्हते, तिच्या बाबतीत मालकाची जबाबदारी उलट वाढते. युरोपीय प्रकारमान्यता असलेल्या प्रवासी मोटारींना ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९९८ पासून प्रमाणित टो-बारच लावावा लागतो. त्याआधीच्या गाड्यांचे तारतम्य मालकावर सोपवलेले आहे. आपल्या जीपचे मालक आपण सारे सभासद आहोत.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेला माझी विनंती अशी, की ‘टो-बार बसवावा’ एवढाच ठराव करू नये. चॅसिसची तपासणी, ब्रेकचे काम, वजनाची मर्यादा, माणसे न बसवण्याचा नियम आणि परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी या अटी ठरावातच लिहाव्यात. आणि यांपैकी एकही पुरी होत नसेल तर जीप आजच्यासारखीच, पण कमी सामान घेऊन आणि ते नीट बांधून, दोन फेऱ्यांत शिबिराला जावी. त्यात एक दिवस जादा जाईल. वाडीतली माणसे आपली वाट पाहतील.